भोवऱ्याचा जांभळा रंग: युबीसॉफ्टच्या लोगोचं एक प्रकरण

३१ मे २०१७ रोजी युबीसॉफ्ट या फ्रेंच व्हिडिओ गेम कंपनीनं आपला लोगो बदलला. त्याआधी चौदा वर्षं खेळाडूंना ठाऊक होता तो निळ्या-जांभळ्या छटांचा, उजेड-सावली दिलेला, फुगीर भोवरा, म्हणजे पाण्यातल्या भोवऱ्यासारखं गोल वळत गेलेलं चिन्ह. नवा लोगो म्हणजे तोच भोवरा, पण सपाट आणि एकरंगी: काळ्यावर पांढरा, पांढऱ्यावर काळा. इंटरनेटवर रिवाजाप्रमाणे थट्टा झाली आणि मग सगळे आपापल्या गेमकडे वळले.

पुण्यात दृश्यकलेच्या मुलांना लोगो शिकवताना मी हेच प्रकरण पुढ्यात ठेवते. बुटांच्या कंपन्या नाहीत, फोनच्या नाहीत. एक तर वर्गातल्या बऱ्याच मुलांना गेम स्टुडिओत काम करायचं असतं. शिवाय युबीसॉफ्टचा एक स्टुडिओ इथेच पुण्यात आहे, त्यामुळे ‘परदेशी कंपनीशी आपला काय संबंध’ ही पळवाट उरत नाही. आणि या लोगोची प्रत्येक अवस्था कुठल्या ना कुठल्या पडद्याला किंवा छपाईच्या कुठल्या ना कुठल्या पद्धतीला बांधलेली आहे, हे दाखवता येतं. लोगोमागच्या ‘संकल्पने’बद्दल पानंच्या पानं लिहिणाऱ्या मुलांना हे दाखवणं मला फार गरजेचं वाटतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. २०१७ चा बदल आकारापुरता अगदी बरोबर होता. रंगाच्या बाबतीत तो उलट वेळी केला गेला.

घर एकच, पाट्या दोन

ब्रिटनी हा फ्रान्सच्या वायव्येचा शेतीवाडीचा प्रदेश. तिथल्या गियेमो कुटुंबाचा शेतकऱ्यांना लागणारा माल विकायचा धंदा होता. घरात पाच भाऊ: क्लोद, मिशेल, इव्ह, जेरार आणि क्रिस्तियाँ. धंद्याला जोड म्हणून त्यांनी संगणक आणि गेम विकायला घेतले, टपालानं माल पाठवायला सुरुवात केली, आणि १९८६ मध्ये स्वतःचे गेम काढण्यासाठी कंपनी उभी केली. तेव्हा नाव दोन शब्दांत लिहीत: ‘युबी सॉफ्ट’. त्या काळातल्या ओळखचिन्हात नावाची अक्षरं हीच मुख्य गोष्ट होती. त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. नव्या कंपनीला आधी नाव लोकांच्या डोक्यात बसवायचं असतं, चित्राची चैन नंतर.

भावांपैकी मिशेल यांनी १९९९ मध्ये मोबाइल गेमसाठी गेमलॉफ्ट ही वेगळी कंपनी काढली. तिचा पुण्यातला स्टुडिओ २००८ मध्ये युबीसॉफ्टनं घेतला. म्हणजे पुण्यातल्या त्या टीमच्या दारावरची पाटी बदलली, मालकांचं आडनाव तेच राहिलं. पुढे ‘जस्ट डान्स’ मालिकेच्या कामात या स्टुडिओचा हात राहिला. २०२० मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या जुन्या गेमची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे असल्याचं जाहीर झालं. मराठी मुलांच्या फोनवर ती बातमी किती फिरली होती, ते आठवत असेल. २०२२ च्या मे महिन्यात ते काम इथून काढून कंपनीच्या कॅनडातल्या मॉन्ट्रियल स्टुडिओकडे दिलं गेलं. लोगोशी या गोष्टीचा संबंध आहे, कारण मूळ गेम २००३ चा, म्हणजे भोवरा नुकताच जन्मला होता तेव्हाचा. त्याकडे येतेच.

इंद्रधनुष्य आणि पिवळी वायर

१९९५ मध्ये कंपनीचा ‘रेमन’ हा गेम आला. मिशेल आन्सेल यांनी रचलेला, हात-पाय धडाला न जोडलेला तो टुणटुण्या नायक. याच सुमारास नावाला इंद्रधनुष्याची कमान मिळाली आणि ती २००३ पर्यंत टिकली.

आजची मुलं ती कमान पाहून तोंड वाकडं करतात. ‘मॅडम, हे बालवाडीचं वाटतं.’ दिसतं खरं तसं. पण नव्वदीत रंग दाखवणं हीच मोठी बढाई होती. घरगुती संगणक सोळा रंगांवरून २५६ वर आणि तिथून हजारोंवर चालला होता. १९९४ मध्ये जपानात आलेल्या प्लेस्टेशन या यंत्रावर गेम खेळताना साधारणपणे ३२,७६८ रंग दिसू शकत. ज्याच्याकडे रंग नवीन आले तो इंद्रधनुष्य काढतो. अमेरिकेत एनबीसी वाहिनीनं १९५६ मध्ये रंगीबेरंगी मोर आणला तो याच हिशेबानं: वाहिनीची मालकी असलेल्या आरसीएला रंगीत टीव्ही विकायचे होते.

अडचण अशी की इंद्रधनुष्य जिथे दाखवायचं तिथेच ते बिघडत होतं. ३२,७६८ हा आकडा ऐकायला मोठा, पण लाल, हिरवा, निळा यांच्या वाट्याला प्रत्येकी ३२ पायऱ्याच येतात. एका रंगातून दुसऱ्यात अलगद जायचं तर त्या पायऱ्या पट्ट्यांसारख्या उघड दिसतात. त्या झाकायला प्लेस्टेशन ठिपक्यांची मिसळण करायचं. मग ते चित्र एव्ही केबलच्या पिवळ्या पिनेतून टीव्हीत जायचं. त्या एकाच तारेत उजेड आणि रंग एकत्र कोंबलेले असल्यामुळे रंग कडेबाहेर सांडायचे, आणि सगळ्यात वाईट सांडायचा तो लाल. इंद्रधनुष्याची पहिलीच पट्टी लाल!

पुण्यात तर हा लोगो अनेकांनी धड पाहिलाही नाही. बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास मिळणाऱ्या ‘टीव्ही गेम’च्या कार्ट्रिजमध्ये एकात शेकडो गेम असल्याचा दावा असायचा, आणि नकल करणारे बहुतेक वेळा पहिल्या पडद्यावरचं कंपनीचं नाव पुसून टाकत. पुढे सीडीचा जमाना आला. तेव्हा गेम कमी जागेत बसावा म्हणून सुरुवातीचे व्हिडिओच काढून टाकलेल्या प्रती फिरत. लोगो त्या व्हिडिओतच असायचा. आपल्याकडच्या एका पिढीला गेम पाठ आहेत आणि तो कुणी बनवला हे माहीत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

२००३: चित्र नावापासून सुटलं

९ सप्टेंबर २००३ ला कंपनीनं दोन गोष्टी एकदम केल्या. नाव जोडून ‘युबीसॉफ्ट’ असं एका शब्दात लिहायला घेतलं, आणि नावाच्या डोक्यावर भोवरा ठेवला.

मधल्या काळात कंपनी कुठून कुठे गेली होती हे पाहिल्याशिवाय या बदलाचा अर्थ लागत नाही. १९९६ मध्ये पॅरिसच्या शेअर बाजारात नोंदणी. १९९७ मध्ये मॉन्ट्रियलचा स्टुडिओ. २००० मध्ये अमेरिकेतली रेड स्टॉर्म विकत घेतली, २००१ मध्ये जर्मनीतली ब्लू बाइट. एका फ्रेंच कुटुंबाची कंपनी आता वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या स्वभावाच्या घरांत राहत होती. रेमनला शोभणारी कमान ‘स्प्लिंटर सेल’मधल्या अंधारात वावरणाऱ्या हेराला कशी शोभावी? २००२ मध्ये त्या गेमवर ती होती, आणि आज ते पाहताना डोळ्याला खटकतं. लहान मुलांच्या गेमवर आणि युद्धाच्या गेमवर सारखंच खपेल असं काहीतरी हवं होतं. भोवऱ्याला वय नाही, देश नाही, भाषा नाही.

त्यातही मला महत्त्वाची वाटते ती दुसरी बाब. कमान आणि नाव वेगळं करता येत नव्हतं. कमान एकटी ठेवली तर ते कुणाचंही इंद्रधनुष्य झालं असतं. भोवरा मात्र नावाशिवाय उभा राहू शकत होता. डीव्हीडीच्या खोक्याचा कणा बोटभर रुंद असतो, त्यावर गेमचं नाव आडवं धावतं, आणि कंपनीच्या वाट्याला टोकाची चौकोनी जागा येते. त्या चौकोनात भोवरा बसला. दुकानातल्या फळीवर खोके कणा पुढे करून लावलेले असतात, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला या सुटकेची किंमत कळेल.

नव्या चिन्हाच्या पहिल्या फळीत २००३ च्या नोव्हेंबरात आलेले ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ आणि ‘बियॉन्ड गुड अँड ईव्हिल’ हे गेम होते. ज्या गेममध्ये खंजीर वापरून काळ मागे फिरवता येतो, त्याच्या सुरुवातीला पडद्यावर भोवरा फिरतो! हा निव्वळ योगायोग असणार, पण नशीबवान.

उजेड-सावली मात्र काळाची फॅशन होती. २००१ चं विंडोज एक्सपी आठवा, त्याच वर्षी आलेली मॅकची काचेसारखी चकचकीत बटणं आठवा. प्लेस्टेशन २ च्या काळात स्टुडिओ अभिमानानं दाखवत होते ते ‘थ्री-डी’, जसे आधीच्या पिढीनं रंग दाखवले. लोगो फुगला, चमकला. प्रत्येक पिढी आपल्या यंत्राला नवीन जमलेली गोष्ट लोगोत घालते आणि पुढच्या पिढीला तीच शिळी वाटते. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकी गेम कंपनीचं. १९८२ मधला त्यांचा पहिला लोगो म्हणजे चौकोन, वर्तुळ आणि त्रिकोण, आडव्या रेषांनी कापलेले, जणू टीव्हीच्या पडद्यावर उमटलेले. देखणा होता. पण त्या आकारांना अक्षरं समजून लोक भलतंच वाचत. शेवटी कंपनी सरळ दोन अक्षरांच्या गोल शिक्क्याकडे गेली. त्यांच्या गेममध्ये मात्र ते तीन आकार कुठेतरी दडवून ठेवायची प्रथा बरीच वर्षं चालली. हे कळल्यावर मुलं तो लोगो विसरत नाहीत.

कापून पाहा

वर्गातला माझा आवडता भाग हा. कमान, फुगीर भोवरा आणि सपाट भोवरा असे तिन्ही लोगो मुलांना देते आणि सांगते: संगणक बंद करा, गावात जा, आणि हे करून आणा. व्हिनाइल स्टिकर, टी-शर्ट, टोपीवरची एम्ब्रॉयडरी, रबरी शिक्का, आणि फ्लेक्स. पुण्यात पेठांमधून चालत फिरलं तरी ही पाचही कामं करणारी माणसं भेटतात. मुलं प्रिंटाउट घेऊन जातात आणि शहाणी होऊन परत येतात.

व्हिनाइल कापणाऱ्या मशीनला रंग कळत नाही, फक्त कड कळते. ब्लेड त्या कडेवरून फिरतं, मग कारागीर नको असलेला भाग चिमट्यानं उपटतो. फुगीर भोवऱ्याला कड एकच, बाहेरची. आतली सगळी गंमत छटांमध्ये आहे. ती काढून टाकली की हातात निव्वळ एक गोळा उरतो. ‘दादा, आतल्या सावल्या?’ असं विचारणाऱ्या मुलीला दुकानदारानं सांगितलं, ‘सावल्या पाहिजेत तर प्रिंट मारून घे ताई, कटिंगमध्ये सावली येत नाही.’ माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानात जे बसत नव्हतं ते या एका वाक्यात आलं.

टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगला दर रंगामागे एक स्क्रीन लागते आणि पैसे त्या हिशेबानं वाढतात. कमानीला तर विचारूच नका. छटा दाखवायच्या तर त्या बारीक ठिपक्यांत फोडाव्या लागतात, आणि साध्या सुती कापडावर ठिपके एकमेकांत मिसळून डाग दिसतो. एम्ब्रॉयडरीत धाग्याला जाडी असते, त्यामुळे आकारातल्या बारीक फटी बुजतात. रबरी शिक्क्यावर त्याच फटींमध्ये शाई भरते. इथे सपाट भोवऱ्यालाही त्रास होतो, हे मुद्दाम सांगते. नाण्याएवढ्या शिक्क्यात त्याच्या आतल्या फटी पहिल्या चार ठशांत नीट येतात, पाचव्यापासून भरायला लागतात. एका मुलानं तो ठसा पाहून ‘मॅडम, चकली’ म्हटलं, आणि त्या वर्षी पूर्ण सत्रभर लोगोचं नाव चकलीच राहिलं.

राहिला फ्लेक्स. फ्लेक्स काहीही छापतो, छटा, सावल्या, इंद्रधनुष्य, वाढदिवसाच्या शुभेच्छा. म्हणून मुलांना वाटतं की फुगीर भोवरा इथे तरी जिंकणार. आणि इथेच तो सगळ्यात वाईट हरतो, त्याचं कारण रंग.

पडद्यावरचा निळा-जांभळा हा उजेडाचा रंग आहे. छपाईत तो निळसर आणि गुलाबीसर शाईच्या मिश्रणातून काढावा लागतो, आणि पडद्यावरचा तो उजळपणा शाईला गाठताच येत नाही. प्रमाण जरासं इकडे झालं की तो मळकट निळा होतो, जरासं तिकडे झालं की वांग्याचा जांभळा. एकच फाइल तीन दुकानांत दिली की तीन वेगवेगळे भोवरे येतात. छपाईच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, ‘निळा दिला होता, जांभळा आला’ ही तक्रार रोजची आहे. महागडी स्वतंत्र शाई घेतली तर प्रश्न सुटतो, पण जगभर निरनिराळ्या देशांत खोके, पोस्टर, पुठ्ठ्याचे उभे पुतळे छापणाऱ्या कंपनीला प्रत्येक ठिकाणी ती मिळवणं म्हणजे कटकट.

तिन्ही लोगो हातानं आठवून काढायलाही सांगते. कमान सगळे काढतात, पण ती युबीसॉफ्टची आहे असं त्यात काहीच नसतं. फुगीर भोवरा कुणाला धड जमत नाही. सपाट भोवरा जमतो, वाकडातिकडा, पण ओळखू येतो. आणि गंमत म्हणजे वाकडा आला तरी तो बिघडलेला वाटत नाही.

२०१७: काय ठेवलं, काय टाकलं

वाकडेपणा त्यात मुद्दाम आहे. नवा लोगो जाहीर करताना कंपनीनं म्हटलं होतं की भोवरा आणि नावातला ओ हे अक्षर, दोन्ही हातानं काढल्यासारखे ठेवले आहेत, माणसाचा उत्साह, कुतूहल आणि थोडा वेडेपणा दिसावा म्हणून. दुसरा मुद्दा असा की नवा लोगो खिडकीसारखा आहे: आतून त्या त्या गेमचं जग डोकावावं. त्यासाठी लोगोला स्वतःचा रंग नको, तो एकरंगी हवा.

पहिला मुद्दा मला मान्य आहे. जाहिरातीची भाषा बाजूला ठेवली तरी तो आकाराच्या कसोटीवर उतरतो. २०१७ पर्यंत लोगोची राहायची जागा खोक्याच्या कण्यावरून हलून स्क्रीनच्या कोपऱ्यात गेली होती. गेम विकत घ्यायचं दुकान संगणकातच होतं. कंपनीची ‘युप्ले’ सेवा २००९ पासून चालू होती आणि २०२० मध्ये ती ‘युबीसॉफ्ट कनेक्ट’ झाली. डेस्कटॉपच्या खालच्या पट्टीवर चिन्हाला कधी कधी १६ गुणिले १६ ठिपक्यांचीच जागा मिळते. तिथे सावलीला कुठली जागा? सपाट होण्यात युबीसॉफ्ट पहिली तर नव्हतीच, उलट उशिरानंच आली. विंडोज २०१२ मध्ये सपाट झालं, आयफोन २०१३ मध्ये.

रंगाचा मुद्दा मात्र मी मुलांसमोर उलटा करून ठेवते. जांभळा धरून ठेवणं कठीण होतं ते छपाईमुळे. २००३ मध्ये, खोके आणि पोस्टरच्या काळात, तो रंग सांभाळायची सगळी कटकट कंपनीनं सोसली. २०१७ मध्ये गेम डाउनलोड होऊ लागले, जाहिरात व्हिडिओत आली, लोगो जवळजवळ फक्त उजेडाच्या पडद्यावर राहायला लागला. जिथे हा रंग शंभर टक्के स्वतःसारखा दिसतो, तिथे. आणि नेमक्या त्याच वेळी तो सोडून दिला. छपाईचं दुखणं बरं झाल्यावर औषध घ्यावं, असं काहीसं ते झालं.

निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीनं असंच केलं होतं आणि मग ती परतही फिरली. तिचा लाल रंग जुना. २००६ च्या सुमारास, तिच्या ‘वी’ या गेमच्या यंत्राच्या काळात, लोगो करडा झाला. पांढऱ्या-राखाडी यंत्रांवर तो छान दिसायचा. साधारण दहा वर्षांनी, ‘स्विच’ हे नवं यंत्र येण्याच्या आगेमागे, लाल पुन्हा पुढे आला. आज त्या यंत्राची जाहिरात लांबून, आवाज बंद असताना पाहिली तरी कुणाची ते कळतं. रंगाचं काम हेच, वाचण्याआधी ओळख पटवणं.

खिडकीच्या कल्पनेबद्दलही मला शंका आहे. युबीसॉफ्टच्याच ‘फार क्राय’ या गेमचं चित्र भोवऱ्याच्या आत भरलं की दिसतं सुरेख. पण पुढच्या गेममध्ये दुसरं चित्र, त्यापुढे तिसरं. कंपनीचा स्वतःचा रंग कुठला, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. वर्गात यावर जोरात वाद होतो. मुलांचा एक गट म्हणतो की खेळाडूला कंपनीशी देणंघेणं नसतंच, त्याला गेम हवा असतो, मग कंपनीनं अंग चोरून बसावं हेच बरं. त्यांच्याकडे पुरावाही चांगला आहे. सुरुवातीचे लोगो वगळावेत म्हणून खेळाडू गेमच्या फोल्डरमध्ये शिरून त्या व्हिडिओ फाइलचं नाव बदलतात किंवा ती उडवून टाकतात. एकामागून एक चार कंपन्यांचे लोगो, एकही वगळता येत नाही, हे सहन न होणारी माणसं जगभर आहेत. नव्वदीत तपकीर गल्लीत जे नकल करणारे करत होते, ते आता अस्सल प्रत घेतलेला गिऱ्हाईकच करतो.

कंपन्यांनी लोगोचा कुलपासारखा वापर करून पाहिला, तेही इथे सांगायला हवं. १९८९ चं गेम बॉय हे निन्टेन्डोचं हातात धरायचं यंत्र चालू केलं की निन्टेन्डोचं नाव वरून खाली सरकत यायचं. ते नाव कार्ट्रिजमधून वाचलं जायचं आणि यंत्रातल्या नमुन्याशी ताडलं जायचं. एक ठिपका जरी वेगळा असला तर गेम सुरूच व्हायचा नाही. म्हणजे परवानगीविना कार्ट्रिज बनवणाऱ्याला निन्टेन्डोचा ट्रेडमार्क आत छापावाच लागायचा, आणि छापला की कायद्याच्या तावडीत. सेगा या दुसऱ्या जपानी गेम कंपनीनंही आपल्या यंत्रात असाच सापळा लावला. ॲकोलेड या कंपनीनं यंत्र उलगडून पाहिलं आणि आपले गेम त्यावर चालवले, तेव्हा पडद्यावर ‘सेगाच्या परवान्यानं’ असा खोटाच मजकूर आला. १९९२ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयानं त्या खोट्याचा दोष सेगाच्याच माथी मारला. लोगोकडून ओळख सोडून पहारेकऱ्याचं काम घेतलं की काय होतं, त्याचा हा नमुना.

वेळ आणि घरचं भांडण

२०१७ चा बदल ज्या दिवसांत झाला ते दिवसही लक्षात घ्यायला हवेत. फ्रान्समधल्याच व्हिव्हेन्दी या बलाढ्य माध्यम कंपनीनं २०१५ पासून युबीसॉफ्टचे शेअर गोळा करायला घेतले होते. गियेमो बंधूंची इच्छा नसताना. २०१६ मध्ये तिनं गेमलॉफ्ट गिळलीच. युबीसॉफ्ट वाचली, २०१८ च्या मार्चमध्ये व्हिव्हेन्दीनं आपला हिस्सा विकायचं मान्य केलं. लोगो आला तो या दोन तारखांच्या मधोमध. यावरून लोगो हा लढाईचाच भाग होता असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण ज्या कंपनीच्या डोक्यावर टांगती तलवार आहे ती स्वतःला ‘हातानं काढलेलं’, ‘माणसाचं’, ‘थोडं वेडं’ असं मांडते, हे मला सूचक वाटतं. आमच्याकडची ती पाटीची गोष्ट आता वेगळ्या अर्थानं वाचता येते: २००८ मध्ये पुण्याचा स्टुडिओ गेमलॉफ्टकडेच राहिला असता, तर आठ वर्षांनी तोही त्या घासाबरोबर गेला असता.

सध्याचा प्रश्न

या प्रकरणाच्या शेवटी मुलांना जे काम द्यायची, ते मला अलीकडे बदलावं लागलं. आधीचं काम सोपं होतं: २००३ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा पहिला पडदा आणि पुण्यात बनायला घेतलेल्या नव्या आवृत्तीचा पहिला पडदा, दोन्हींत भोवरा कुठला ठेवाल? सगळ्यात चांगलं उत्तर एका मुलीचं होतं. तिनं आकार २०१७ चा ठेवला, सपाट, आणि त्याला जुना जांभळा एका सपाट रंगात दिला, छटा न घालता. स्टिकर कापता येतो, टोपीवर येतो, १६ ठिपक्यांत मावतो, आणि लांबून ओळखू येतो. माझं सगळं म्हणणं तिच्या त्या एका चौकोनात होतं. दुसऱ्या गटानं लगेच विचारलं की मग ‘फार क्राय’वरही जांभळाच ठेवणार का, आणि तिनं शांतपणे ‘हो’ म्हटलं.

२०२५ मध्ये युबीसॉफ्टनं ‘असॅसिन्स क्रीड’, ‘फार क्राय’ आणि ‘रेनबो सिक्स’ या आपल्या तीन सगळ्यात मोठ्या मालिका व्हँटेज स्टुडिओज नावाच्या वेगळ्या कंपनीत नेल्या. त्यात चीनच्या टेन्सेन्ट या कंपनीचा हिस्सा आहे. आता गेम सुरू होताना पडद्यावर आधी कुणी यायचं? आईनं की लेकीनं? दोघींनी एकत्र यायचं तर भोवऱ्याशेजारी दुसरं चिन्ह कसं बसवायचं, आणि भोवऱ्याला स्वतःचा रंग नसताना दोघींतली कोण कोण हे कशावरून कळायचं? मुलांना दोन आठवडे दिले आहेत. अट एवढीच की दोन्ही चिन्हं मिळून तीन सेकंदांत संपली पाहिजेत, आणि आराखडा पडद्यावर दाखवण्याआधी त्याचा स्टिकर कापून आणायचा.